पल्याडचा गोटा

वैशाख तापला की मी भांडखोर होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा त्या दिवसांत माझ्याशी चहापुरतं बोलतो आणि दूधवाला बेल न वाजवता पिशवी दाराशी ठेवून सटकतो. इथे मेहरूणला तळ्याकडून गार वारा येतो असं लोक म्हणतात. येतो की, पण भट्टीचं दार उघडल्यावर यावा तसा येतो. डोकं भणभणतं, हात शिवशिवतात, कोणावर तरी जाऊन आदळावंसं वाटतं. मग कोणीतरी कॅलेंडर बघतं आणि म्हणतं, आखाजी जवळ आली वाटतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी म्हणे शुभ कामं करतो. आमच्या खानदेशात त्या दिवशी सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खातात, आणि आमच्या गावात तर त्याच दिवशी दुपारी बाया नदीवर जाऊन एकमेकींची डोकी फोडायच्या. हसू नका. खरंच फोडायच्या. आमचं गाव धुळे जिल्ह्यात पांझरेच्या अल्याड, आणि पल्याड दुसरं गाव. वैशाखात नदी म्हणजे नुसती वाळू आणि मधून लुगड्याच्या काठाएवढं पाणी. गौराई बोळवून झाली की दोन्ही काठांवर दोन्ही गावच्या बाया पदर खोचून उभ्या राहायच्या आणि शिव्या सुरू व्हायच्या. वर्षभर सासूपुढे, दिरापुढे, नवऱ्यापुढे जे गिळलं ते सगळं त्या दुपारी बाहेर पडायचं, तेही पल्याडच्या अनोळखी बाईच्या नावानं. शिव्या पुरेनाशा झाल्या की गोटे. त्याचे नियम होते. त्या दुपारी पुरुषानं नदीवर फिरकायचं नाही. आणि आखाजीचा गोटा कोणाचाच नसतो. लागला तर हळद दाबायची आणि घरी जायचं. तक्रार नाही, डूख नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच दोघी भेटायच्या आणि एक दुसरीला विचारायची, "कोठे लागनं वं? दखाड बरं!"

हे सगळं मी यंदा माझ्या लेकीला सांगत होते. सई पुण्याला मानसशास्त्र शिकते. सुटीत घरी आली ती मोबाइल माझ्यापुढे ठेवून बसली. "आई, तुझ्या लहानपणातली एक ठळक आठवण सांग. मला अभ्यासासाठी हवी आहे." मी इंदूफुईची आखाजी सांगायला घेतली. फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. चार वाक्यं झाली नाहीत तोच ही मला अडवते.

"आई, तू सारखं 'आम्ही' म्हणतेस. आम्ही बघितलं, आम्ही घाबरलो. तू काय बघितलंस?"

"आम्ही म्हणजे त्यात मी आलेच ना!"

"कुठे आलीस? मला तर दिसत नाहीस."

डोक्यात सणक गेली. वाटलं, द्यावी एक ठेवून. पण पोरगी चुकीचं बोलत नव्हती. सई लहान होती तेव्हा रोज शाळेतून आली की मी तिला समोर बसवून विचारायचे, आज काय झालं, मग तू काय म्हणालीस, तुला कसं वाटलं? पुस्तकात वाचून विचारायचे. त्यामुळे तिच्या सगळ्या आठवणींत मधोमध ती आहे, लाल रिबीन लावून. आम्हाला हे कोणी विचारलं? पोराला काय वाटतं हे विचारायची आमच्याकडे रीतच नव्हती. मोठ्या बाया दुपारी निंबाखाली शेवया वळत बसायच्या, आम्ही त्यांच्या पायांत लुडबुडायचो, आणि त्या गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीचं सांगत राहायच्या. तुम्ही व्हतात ना रे तठे? असं विचारून आमच्याकडे बघायच्या. आम्ही मान हलवायचो. मान हलवता हलवता ते आम्हाला दिसायलाही लागायचं. पुढच्या आखाजीला त्याचं झोक्यावरचं गाणं व्हायचं आणि एकदा गाणं झालं की संपलं, ते तसंच घडलेलं असायचं. आमचं बालपण आम्ही जगलो खरं, पण ते आम्हाला बायांनी सांगितलं.

त्या साली मी तिसरीत होते. ऐंशीनंतरची वर्षं, गावात नुकतेच विजेचे खांब आले होते. माझे वडील, दादा, इंदूफुईला आणायला मुऱ्हाळी म्हणून बोदवडला गेले. फुवा तिकडे जिनिंगमध्ये मुकादम होता. गोरापान, उंचापुरा, पांढऱ्या बुशकोटातला माणूस. असा जवाई गावात कोणाला नव्हता. दादा फुईला घेऊन आले तेव्हा ती एसटीतून उतरली आणि उभी राहीना. दादांनी तिला धरून धरून घरी आणली. एवढा उकाडा, आणि तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलेलं.

माझी माय तिला न्हाणीत घेऊन गेली. मी पाण्याची कळशी घेऊन मागे. मायनं पोलकं सोडलं आणि ते पाठीला चिकटलेलं होतं. पाणी ओतून ओतून सोडवावं लागलं. आत नांगरलेलं रान. काळ्या वळांवर निळे, निळ्यांवर लाल, आणि एका ठिकाणी कातडीच नव्हती. दोरखंड भिजवून मारायचा तो, म्हणजे जास्त बसतो. मायनं बोट लावलं आणि काढून घेतलं.

"किती मारस वं हाऊ? मोजतीस का नही?"

"मोजू कशी, वैनी? पाठले डोया नहीत," फुई म्हणाली. आणि हसली. समोरचा एक दात नव्हता. तिचं पोट दोनदा रिकामं झालं होतं आणि तेही लाथेनं, हे मला फार नंतर कळलं.

आता मजा बघा. ही पाठ मी बघितली, माझ्या या डोळ्यांनी बघितली, माझ्या हातात कळशी होती. पण इतकी वर्षं मला कोणी इंदूफुईबद्दल विचारलं तर ही पाठ मला कधी आठवली नाही. सईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा ती यंदा वर आली, पोलक्याच्या त्या चिकटलेल्या कापडासकट. कारण त्या पाठीचं गाणं कोणी केलं नाही. निंबाखाली तिचा विषय निघाला नाही. नवऱ्यानं मारणं ही काय सांगायची गोष्ट आहे? भाकरी भाजली, पाणी भरलं, नवऱ्यानं मारलं. ज्याची आठवण ठेवायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं ते पोरालाही बरोबर कळतं. संताप होतो माझा. माझ्याच डोळ्यांनी पाहिलेलं माझ्यापासून लपवून ठेवलं या लोकांनी.

संध्याकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसले होते. फुई त्यांच्या पायांशी जाऊन बसली.

"आबा, माले नही जानं. तो माले मारी टाकी."

आबांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "दाल्ला शे तुना. कोन मारत नही? आखाजी व्हयनी का धाडी दिसूत."

दाल्ला म्हणजे नवरा, आणि धाडी दिसूत म्हणजे धाडून देऊ. दादा खांबाला टेकून उभे होते. ते आबांपुढे कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही. माय चुलीपुढे होती. फुई उठली, आत आली आणि मायला म्हणाली, "वैनी, यंदा पोटभर आमरस खावाड. पुढला आखाजीले मी नसू." आम्ही पोरं तिच्या गळ्यात पडलो, कारण आम्हाला वाटलं ती कुठे गावाला जाणार आहे. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की ही परत गेली तर तिची राख येईल. आणि तरी तिच्यासाठी नवं लुगडं आणून ठेवलं होतं, सासरी वाटेला लावायला.

आखाजीच्या दिवशी सकाळीच फुवा हजर. ठरल्याच्या एक दिवस आधी. आबांनी पाय धुवायला पाणी दिलं, आमरसाची वाटी पुन्हा पुन्हा भरली, जवाईबापू आणखी घ्या, जवाईबापू लाजू नका. जेवून तो पारावर पत्ते खेळायला गेला, कारण त्या दुपारी आमचे पुरुष तेच करतात. आम्ही नदीवर.

काय ऊन होतं! वाळूवर पाय ठेवला की चटका. गौराया बोळवल्या, आणि पल्याडच्यांनी सुरुवात केली. तुम्हनं गाव जळो, तुम्हनी विहीर आटो, तुले पटकी येवो. आमच्याकडून त्याला व्याजासकट परतफेड. माझ्या मायला मात्र शिवी देता यायची नाही. ती फार तर "तुम्हनी म्हैस आटो" म्हणायची आणि लाजायची, आणि आमच्याच बाया तिला चिडवायच्या, "बस वं माय तू वरती, टोपल्या सांभाळ!" म्हणून ती वर दरडीवर गौराईच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली. इंदूफुई खाली, अगदी पाण्यापाशी, केस सुटलेले, हिरव्या नव्या बांगड्या. पल्याडची एक धिप्पाड बाई पुढे आली आणि फुईकडे हात करून किंचाळली, "तुना दाल्ला मरो!"

ही तिकडची सगळ्यात मोठी शिवी. तिला उत्तर म्हणजे गोटाच. पण फुईनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "मरो, मरो! तुनं तोंडमा साखर पडो!"

दोन्ही काठ जे हसले, जे हसले! पल्याडची ती धिप्पाड बाई वाळूत बसून हसली. फुईही हसत होती, रडत होती, काय करत होती देव जाणे. आणि हे सगळं फुवानं ऐकलं. तो पारावरून उठून आला होता. लोकांनी म्हणे सांगितलं त्याला, जवाईबापू, आज तिकडे जात नाहीत पुरुष. तो म्हणाला, बायकांच्या खेळाला काय भ्यायचं? बोदवडकडचा माणूस, त्याला आमची नदी काय कळणार!

"कोन मरो म्हने? मी?" असं म्हणत तो दरड उतरून खाली गेला. थेट तिची वेणी धरली. "चाल. आत्ताच्या आत्ता चाल. गाडीची येळ झाली." तिनं वाळूत टाचा रोवल्या. त्यानं तिच्या पोटात गुडघा घातला. ती पडली. मग त्यानं वेणी मुठीला गुंडाळली, खांद्यावरून घेतली आणि पोतं ओढावं तसा पुढे वाकून तिला दरडीवर ओढायला लागला. तिच्या बांगड्या फुटत होत्या, काचा मनगटात घुसत होत्या, वाळूवर रक्ताची रेघ. ती ओरडत नव्हती. त्याचंच सगळ्यात जास्त भ्या वाटलं. एवढ्या बाया, एवढ्या तोंडाळ, आणि एकीच्या तोंडून शब्द नाही. तो जवाई होता ना!

आणि पल्याडून गोटा आला.

मला तो आजही दिसतो. पल्याडच्या काठावरून उडाला, पाण्यावरून आला, ओला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं, उन्हात चमकला, आमच्या बायांच्या डोक्यांवरून गेला आणि फुवाच्या डाव्या भुवईवर बसला. नारळ आपटल्यासारखा आवाज. वेणी त्याच्या मुठीतून सुटली. तो खाली बसला, तोंडावर हात धरले आणि बोटांमधून रक्त आलं, मग कोपरांवरून, मग पांढरा बुशकोट पांढरा राहिला नाही. तो गुरासारखा हंबरत होता. मला वाईट वाटलं नाही. सई म्हणाली, तुला तेव्हा काय वाटलं ते सांग, तर हे सांगते. बरं वाटलं. अजून रक्त यावं असं वाटलं. तेवढ्यात पल्याडून कोणीतरी ओरडलं, "आखाजीना गोटा शे!" आणि दोन्ही काठांवरून तोच गजर सुरू झाला.

त्याचा डोळा गेला. तालुक्याहून जमादार आला. आबांनी, फुवाच्या भावांनी बायांना विचारायला सांगितलं, पण जमादार म्हणाला, बाया खोटं बोलतील, पोरं नाही बोलणार. आम्हाला पारापुढे उभं केलं. एकेकाला वेगळं नेऊन विचारलं, गोटा कुठून आला? सगळ्यांनी एकच सांगितलं, पल्याडून. कोणी शिकवलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, कोणी एक अक्षर शिकवलं नव्हतं. मग तो नदी ओलांडून पल्याड गेला आणि तिथल्या बायांना दरडावून विचारलं, कोणी मारला? तर पहिली म्हणाली, मी. दुसरी म्हणाली, ती कसाले, मी. पार म्हाताऱ्या आजीबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, मी मारला. जमादार घाम पुसत परत गेला.

फुवाच्या घरच्यांनी निरोप धाडला, असल्या रांडाळ गावची बाई आम्हाला नको. आबा खचले. चार दिवस जेवले नाहीत. पण धाडायचं कुठे, घेणाराच नाही! इंदूफुई माहेरी राहिली. पाठ भरली. पुढे तिनं पिठाची गिरणी चालवली, आणि आज सत्तरी ओलांडून अख्ख्या गल्लीला दम देते. पुढच्या आखाजीला त्या गोट्याचं गाणं झालं. पांझरेत न्हाऊन आलेला गोटा, असं त्यात होतं. आम्ही पोरी झोक्यावर उभ्या राहून ते घसा फुटेपर्यंत म्हणायचो.

एवढं सांगून झालं आणि सई मोबाइलकडे बघत बसली. मला वाटलं, पोरगी हेलावली. कसलं काय!

"आई, वैशाखात गोटे कोरड्या वाळूत असतात ना? मग तो ओला कसा?"

"कसा म्हणजे? ओला होता." मग माझ्या लक्षात आलं. न्हाऊन आलेला. ते गाण्यात होतं.

"आणि तो तिला खांद्यावरून ओढत वर येत होता. म्हणजे तोंड गावाकडे, पाठ नदीकडे. बरोबर?"

"बरोबर."

"मग पल्याडून आलेला गोटा कपाळावर कसा लागला?"

बाई गं! चाळीस वर्षं. चाळीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगते आहे, लग्नात, बारशात, नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायकांना. अख्खं गाव सांगतं. शिकलेसवरलेले लोक ऐकतात. एकालाही हे दिसलं नाही. आमच्या गावात गोटा येतो तो पल्याडूनच येतो, म्हणून आम्हाला तो पल्याडून येताना दिसला. मी डोळे मिटून पुन्हा बघितलं, तर अजूनही तिकडूनच येत होता, मेला.

"त्याच्या समोर वरच्या बाजूला कोण होतं?" सईनं विचारलं.

"कोणी नाही. टोपल्या होत्या. माय होती. आणि आम्ही."

आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. माय खिडकीशी बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. माझ्याकडे राहते ती आता. तिला कमी ऐकू येतं असं आम्ही धरून चालतो.

"आजी," सई हळूच म्हणाली, "तू?"

"मंग कोन?" माय आमच्यावरच वैतागली. "इतला लांबथून कोनी मारी सकस का? अक्कल शे का नही तुम्हले?"

मी किंचाळलेच. "माय! मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कोनी इचारंच नही. जमादारनी बी पोरेसलेच इचारं." तिनं एक कैरी फोडली, कोय बाजूला टाकली. "मी तिनी पाठ धोयेल व्हती. आबा बोलेत नही, तुना बाप बोलना नही. कोनी तरी काही करनंच व्हतं. आनि माले वाटे, तुले माहीत शे."

"मला? मला कुठून माहीत असणार?"

मायनं विळी थांबवली आणि माझ्याकडे नीट बघितलं, मी वेड पांघरते आहे का ते बघावं तसं.

"पह्यला गोटा हुकना मना. दुसरा तूच तं दिन्हा माले. चांगला जड देखीसन दिन्हा."

मी डोळे मिटले. नदी दिसली, वाळू दिसली, पल्याडच्या बाया दिसल्या. माझा हात काही केल्या दिसेना. रडू फुटलं मला, सईसमोर, मोबाइल चालू असताना.

"माय, मला नाही आठवत गं."

"नही तं नही," माय म्हणाली आणि पुढची कैरी घेतली. "माले आठवस ना."